फोर्स पुश करून ब्रांच मागे नेली, तरी तेच कमिट परत परत येतायत

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही हेच दुखणं आहे का ते कळेल. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रिमोटवरच्या (म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक प्रतीतल्या) ब्रांचमध्ये चार-पाच खराब कमिट (बदलांच्या नोंदी) गेले, तुम्ही दोन कमांडी मारून ब्रांच जुन्या कमिटवर आणली, ब्राउझरमध्ये उघडून बघितलं, सगळं नीट दिसलं, घरी गेलात. दुसऱ्या दिवशी तेच कमिट तिथे हजर. परत मागे नेली, परत आले. मग माणूस सर्व्हरला शिव्या घालतो, नाहीतर कॅशला, नाहीतर स्वतःवरच शंका घ्यायला लागतो की काल रात्री आपण नक्की पुश मारला होता ना.

आमच्याकडे हे पाच दिवसांत तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, म्हणून सविस्तर लिहितोय. कमांडी इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने मारा. 'चांगलाहॅश' म्हणजे जिथे परत जायचंय तो कमिट, 'वाईटहॅश' म्हणजे खराब कमिटांपैकी शेवटचा, आणि ब्रांचचं नाव रिलीज धरलंय. हॅश म्हणजे कमिटचा ओळख-क्रमांक, ओरिजिन म्हणजे तो रिमोट, क्लोन म्हणजे प्रत्येकाच्या मशीनवरची प्रत. पुश म्हणजे आपले कमिट वर चढवणं (फोर्स म्हणजे जबरदस्तीने), फेच म्हणजे वरचे नुसते खाली आणणं, पुल म्हणजे आणून आपल्या ब्रांचमध्ये घेणं, आणि मर्ज म्हणजे दोन ब्रांच एकत्र करणं.

झालं असं की गणपतीच्या आधीचा आठवडा, ऑफिस अंधेरी पूर्वेला, अर्धी टीम गावाला जायच्या नादात. पावत्या छापायच्या मॉड्यूलमध्ये तारखेचा फॉरमॅट बदलणारे चार कमिट बुधवारी रिलीजवर गेले आणि गुरुवारी दुपारी फोर्टच्या क्लायंटकडून त्यांच्या अकाउंटंट बाईंचा फोन, "अहो, मे महिन्याच्या पावत्या आत्ता कुठून निघतायत?" तर ०५/०९ ची ०९/०५ झाली होती. दिवस आणि महिना उलटे. मॅनेजर म्हणाले, मंगळवारच्या कमिटवर आणून ठेव, बाकीचं नंतर बघू. मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच:

गिट रिसेट --हार्ड चांगलाहॅश
गिट पुश --फोर्स ओरिजिन रिलीज

आमच्या सर्व्हरवर रिलीज ब्रांच प्रोटेक्टेड आहे त्यामुळे पहिल्यांदा 'यू आर नॉट अलाउड टू फोर्स पुश' असं तोंडावर आलं, मग सेटिंगमध्ये जाऊन पाच मिनिटांसाठी परवानगी चालू केली, पुश केला, परत बंद केली. संध्याकाळी पावत्या नीट. मी घाटकोपरची मेट्रो पकडून घरी.

शुक्रवारी सकाळी अकराला पावत्या परत उलट्या.

पहिली गोष्ट जी मी करायला हवी होती आणि केली नाही ती म्हणजे हॅश बघणं. मी नुसते मेसेज बघितले, चारही तेच दिसले, आणि डोक्यात आलं की कोणीतरी मुद्दाम परत मर्ज केलं. लॉगमध्ये मर्ज कमिट शोधला, तो नव्हताच, म्हणून अजून चक्रावलो. मग वैतागून परत फोर्स पुश मारला. ही चूक करू नका. आधी हे मारा:

गिट फेच
गिट लॉग --ग्राफ --वनलाइन ओरिजिन/रिलीज

आणि परत आलेल्या कमिटांचे हॅश जुन्यांशी ताडून बघा. कमिटचा हॅश त्यातल्या फायली, आधीचा कमिट, लेखक, वेळ, मेसेज अशा सगळ्यावरून निघतो. त्यामुळे हॅश अगदी तोच असेल तर ते कमिट कोणी नव्याने केलेले नाहीत, कुठल्यातरी जुन्या क्लोनमधून जसेच्या तसे परत वर आलेत. मेसेज तोच पण हॅश वेगळा असेल तर कोणीतरी रिबेस किंवा चेरी-पिक केलंय, म्हणजे कमिट उचलून दुसऱ्या जागी नव्याने बसवलाय, आणि शोध दुसरीकडे घ्यावा लागेल. आमचे हॅश तेच होते. आणि त्या चारांच्या डोक्यावर एक पाचवा कमिट होता, एका लेबलचं स्पेलिंग सुधारलेला, आमच्या ज्युनिअरचा.

त्याला बोलावलं. बिचारा घाबरलेला. "दादा, मी काही नाही केलं, सकाळी पुल केलं, ऑलरेडी अप टू डेट आलं, मग माझा कमिट केला आणि पुश केलं. फोर्स वगैरे मी कधी मारतच नाही." मी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवर दाखव. त्याच्या टर्मिनलमध्ये वर स्क्रोल केलं तर सकाळचं गिट स्टेटस तिथेच होतं: युवर ब्रांच इज अहेड ऑफ ओरिजिन/रिलीज बाय ४ कमिट्स. त्याने तोवर एक अक्षर बदललं नव्हतं आणि गिट त्याला सांगतंय की तू चार कमिट पुढे आहेस.

तिथे माझी ट्यूब पेटली. पोरगा खरं बोलत होता. सगळी गंमत इथेच आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

बुधवारी त्याने पुल केलं तेव्हा ते चार खराब कमिट त्याच्या लॅपटॉपवर उतरले. गुरुवारी मी रिमोट चार पायऱ्या मागे नेला. पण गिटला 'मागे नेला' असं काही कळत नाही. ब्रांच म्हणजे एका कमिटकडे दाखवणारी पाटी, बस. शुक्रवारी त्याचं गिट बघतं की रिमोटची पाटी चांगलाहॅशवर आहे, आपली पाटी त्याच्या चार पुढे आहे, आणि चांगलाहॅश आपल्या इतिहासात आहेच. म्हणजे खाली आणायला काही नाही, उलट आपल्याकडचंच वर द्यायचं राहिलंय. पुल म्हणतं ऑलरेडी अप टू डेट. पुश केला की तो साधा फास्ट-फॉरवर्ड, सरळ रेषेत पुढे, त्यात फोर्स लागत नाही, मर्ज कमिट बनत नाही, कॉन्फ्लिक्ट येत नाही, आणि प्रोटेक्टेड ब्रांचसुद्धा अडवत नाही कारण ती अडवते मागे जाणाऱ्याला. दारावरचा वॉचमन बाहेर जाणाऱ्याची पिशवी तपासतोय आणि आत येणारा बिनधास्त आत.

पुल डॉट एफएफ ही सेटिंग ओन्ली ठेवली तर वाचू असं मलाही वाटलं होतं. नाही वाचत. ती सेटिंग अडवते तेव्हा, जेव्हा दोन्ही बाजूंना वेगवेगळे कमिट झालेले असतात. इथे रिमोटच्या बाजूला नवीन काहीच नाही. गिट पुल --रिबेस मात्र थोडं हुशार आहे, ते रिमोट ब्रांचच्या रिफ्लॉगमध्ये (पाटी आधी कुठे कुठे होती त्याच्या नोंदवहीत) बघतं की हे चार कमिट पूर्वी रिमोटवरच होते, म्हणजे ते तुझे नाहीत, आणि त्यांना वगळून फक्त तुझं काम नव्या टोकावर बसवतं. पण हे त्या मशीनवरच्या रिफ्लॉगच्या जिवावर चालतं, सगळ्यांच्या मशीनवर तो नीट असेलच यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

थोडक्यात फोर्स पुशने तुम्ही फक्त सर्व्हरवरची प्रत बदलता. दादरला इंडिकेटर बदलला आणि फास्टची स्लो झाली, पण जो आधीच डब्यात चढून कानात हेडफोन घालून बसलाय त्याला काय कळणार. असे किती डबे भरलेत हे आधी मोजायचं असतं, ते मी मोजलं नाही.

बरं, मी तोवर वैतागून दुसरा फोर्स पुश मारलेला होता ना, त्यात त्या ज्युनिअरचा लेबलवाला कमिटही उडाला. टेस्टिंग करणाऱ्या क्यूएवाल्या ताईंनी दुपारी तो बग परत ओपन केला आणि तो पोरगा माझ्याकडे बघतोय. त्याच्या क्लोनमध्ये कमिट होता म्हणून चेरी-पिक करून परत बसवला, पण त्यानेही रिसेट --हार्ड मारून लॅपटॉप साफ केला असता तर शोधाशोध झाली असती.

शुक्रवारी मग सगळ्यांना ग्रुपवर मेसेज टाकला, सगळ्यांनी हे मारा:

गिट फेच
गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/रिलीज

ज्यांचं स्वतःचं काम त्या ब्रांचवर नाही त्यांच्यासाठी एवढं पुरतं. सगळ्यांनी अंगठा दाखवला. मी खूश.

शनिवारी सकाळी कमिट परत हजर. वेळ रात्रीची दोन वाजून काही मिनिटं.

रात्री दोनला कोण जागं असतं, तर बिल्ड मशीन, म्हणजे कोड आपोआप बांधणारं मशीन. आमचा एक रात्रीचा जॉब आहे, जो व्हर्जन नंबर एकने वाढवून रिलीजवर कमिट करतो आणि पुश करतो. त्याचा वर्कस्पेस (कामाचा फोल्डर) दर वेळी पुसला जात नाही, वेळ वाचावा म्हणून आम्हीच तसं ठेवलेलं. म्हणजे तोही एक जुना क्लोनच, फक्त त्याला माणूस नाही म्हणून ग्रुपवरचा मेसेज त्याने वाचला नाही. त्याच्याकडे वाईटहॅश होता, वर ज्युनिअरचा चेरी-पिक केलेला कमिट रिमोटवर आलेला होता, दोन्ही बाजूंना वेगळे कमिट म्हणून यावेळी पुलने मर्ज कमिट बनवला आणि वर ढकलला. हा निदान लॉगमध्ये दिसला तरी. अशा वेळी खराब कमिट नक्की कुठल्या मर्जमधून आले ते बघायला ही कमांड चांगली:

गिट लॉग --मर्जेस --अँसेस्ट्री-पाथ --रिव्हर्स वाईटहॅश..ओरिजिन/रिलीज

सगळ्यात वर जो मर्ज येईल तो चोर. बिल्ड जॉब असेल तर त्यात पुलच्या जागी फेच आणि रिसेट --हार्ड टाका, किंवा वर्कस्पेस पुसायची टिक मारा. मशीनवर मर्ज करणारा पुल ठेवूच नये असं माझं आता ठाम मत झालंय.

सोमवारी तिसऱ्यांदा. यावेळी एकाने त्या गुरुवारी सकाळी, म्हणजे खराब कमिट आत असताना, रिलीजवरून आपली फीचर ब्रांच (नव्या कामाची वेगळी ब्रांच) काढली होती. त्याने ग्रुपवर सांगितलेलं सगळं प्रामाणिकपणे केलं, रिलीज ब्रांच रिसेट केली, पण त्याच्या फीचर ब्रांचच्या पोटात ते चार कमिट होतेच. रिव्ह्यू होऊन फीचर मर्ज झाली आणि चौघे आत. रिव्ह्यूमध्ये डिफ (बदलांची यादी) मोठा दिसला असणार, पण सोमवार सकाळ, कोण बघतंय. हे आधी पकडायला दोन ओळी पुरल्या असत्या:

गिट फेच --प्रून
गिट ब्रांच -आर --कंटेन्स वाईटहॅश

खराब कमिट पोटात असलेल्या रिमोटवरच्या सगळ्या ब्रांचेसची यादी येते. मी सोमवारी मारली तर पाच ब्रांचेस. पाच! आणि ह्या फक्त रिमोटवरच्या, लोकांच्या लॅपटॉपवर अजून पुश न केलेल्या किती ते देवाला माहीत.

तेव्हा मी मागे नेण्याचा नाद सोडला आणि पहिल्या दिवशी जे करायचं ते केलं. रिव्हर्ट.

बरेच जण रिव्हर्ट आणि रिसेट एकच समजतात. रिसेट पाटी मागे सरकवतं. रिव्हर्ट पाटी पुढेच नेतं, फक्त खराब बदलांच्या बरोबर उलटे बदल असलेला नवीन कमिट टाकून. दिसायला तेवढं सुबक नाही, इतिहासात घाण दिसते, आमच्या मॅनेजरांनाही ते आवडलं नाही, "साफ नाही दिसत रे हे". पण जुन्या क्लोनच्या बाबतीत काय होतं बघा. रिमोट आता त्यांच्या पुढे आहे. त्यांनी पुश केला तर सर्व्हर स्वतःच नाही म्हणतो, आधी पुल कर म्हणतो. पुल केलं की रिव्हर्ट त्यांच्याकडे उतरतो. फीचर ब्रांच मर्ज झाली तरी खराब कमिट दोन्हीकडे आधीच आहेत, त्यामुळे ते परत लागत नाहीत आणि रिव्हर्ट टिकतो. ग्रुपवर मेसेज नाही, अंगठे नाहीत, रात्री दोनचा जॉबही आपोआप सुधारतो.

चार सलग साधे कमिट असतील तर:

गिट रिव्हर्ट --नो-एडिट चांगलाहॅश..वाईटहॅश
गिट पुश ओरिजिन रिलीज

दोन टिंबांच्या डावीकडचा कमिट यात धरला जात नाही, म्हणून तिथे चांगलाहॅशच द्यायचा, आणि क्रम गिट स्वतः उलटा घेतं, शेवटचा आधी. वाईटहॅशनंतर ज्युनिअरचं लेबल, व्हर्जन नंबर असं जे चांगलं काम झालंय ते तसंच राहतं. रिसेटमध्ये ते गेलं असतं. चार वेगळे रिव्हर्ट कमिट नको असतील तर --नो-एडिटच्या जागी --नो-कमिट द्या आणि शेवटी एकच कमिट करा, मेसेजमध्ये कुठले हॅश उलटवले ते मात्र लिहा, सहा महिन्यांनी तुम्हीच शोधाल.

मधे मर्ज कमिट असेल तर गिट अडतं, म्हणतं हा मर्ज आहे आणि तू -एम दिलेला नाहीस. मर्जला दोन आई-बाप असतात, कुठल्या बाजूने परत जायचं ते त्याला सांगावं लागतं. रिलीजवर उभं राहून फीचर आत घेतली असेल तर रिलीजची बाजू पहिली, म्हणजे:

गिट रिव्हर्ट -एम १ मर्जहॅश

मर्ज तीन-चार असतील आणि वाईटहॅशनंतरचं काहीच ठेवायचं नसेल, म्हणजे ब्रांच हुबेहूब मंगळवारसारखी हवी असेल, तर रिव्हर्टच्या भानगडीत न पडता रिपॉझिटरीच्या मुळाशी उभं राहून:

गिट रिस्टोअर --सोर्स=चांगलाहॅश --स्टेज्ड --वर्कट्री .
गिट कमिट

म्हणजे जुन्या कमिटचं चित्र नव्या कमिटमध्ये. इतिहास पुढेच चालला, फायली मात्र मंगळवारच्या. इथे एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात मागे एकदा पडलोय. बरेच जण रिस्टोअरच्या जागी गिट चेकआउट चांगलाहॅश -- . असं मारतात कारण जुनी सवय. चेकआउट जुन्या फायली वर आणतं, पण नंतर नव्याने आलेल्या फायली काढत नाही. आमच्याकडे अशी एक डेटाबेस मायग्रेशनची फाइल मागे राहिली होती, डिप्लॉय झालं, ती गुपचूप चालली आणि टेबलात एक कॉलम वाढला. कोड जुना, टेबल नवं. रिस्टोअर त्या फायली काढून टाकतं. ब्रांच हुबेहूब मंगळवारसारखी करायला कुठलाही मार्ग घ्या, शेवटी हे मारा:

गिट डिफ चांगलाहॅश हेड

हेड म्हणजे आत्ता उभे आहोत तो कमिट. काहीही न छापता परत प्रॉम्प्ट आला पाहिजे. एक ओळ जरी आली तरी पुश करू नका. आणि मायग्रेशन आधीच चालून गेलं असेल तर गिट त्यात काही करू शकत नाही, डेटाबेस वेगळा मागे न्यावा लागतो, हे निदान मॅनेजरांना आधी सांगून ठेवा.

रिव्हर्टचा एक त्रास नंतर होतो. तारखेचा फॉरमॅट दुरुस्त करून दोन आठवड्यांनी तीच फीचर ब्रांच परत मर्ज करायला गेलात तर जुने चार कमिट येणारच नाहीत, फक्त नंतरची दुरुस्ती येईल, आणि कोड अर्धवट दिसेल. गिटच्या मते ते चार आधीच आत आहेत, ते उलटवले गेले याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. अशा वेळी आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करायचा:

गिट रिव्हर्ट रिव्हर्टहॅश

आणि मग दुरुस्ती मर्ज करायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण सरळ आहे. हे माहीत नसल्याने लोक फायली हाताने कॉपी-पेस्ट करताना मी बघितलंय, तेही रात्री साडेनऊला.

आता काही वेळा खरंच मागेच न्यावं लागतं. स्वतःची एकट्याची ब्रांच असेल तर बिनधास्त न्या, तिथे रिव्हर्टची पूजा घालायची गरज नाही. कोणी चुकून दोन जीबीचा डंप कमिट केला असेल, तर रिव्हर्ट करून तो क्लोनमधून जात नाही. पासवर्ड किंवा की (गुप्त किल्ली) कमिटमध्ये गेली असेल तर मात्र पहिलं काम ब्रांच नाही, पहिलं काम ती की रद्द करून नवीन काढणं. फोर्स पुश केला तरी जुना कमिट सर्व्हरवर हॅशने बरेच दिवस उघडता येतो आणि लोकांच्या क्लोनमध्ये तर आहेच.

सामायिक ब्रांच मागे न्यायची असेल तर आता मी असं करतो. आधी कोणीही पुश करू नका असं सांगून ब्रांचला कुलूप, बिल्डचे पुश करणारे जॉब बंद. मग आत्ताचं टोक बाजूला ठेवतो, अर्थात आत की किंवा पासवर्ड नसेल तरच:

गिट फेच
गिट पुश ओरिजिन ओरिजिन/रिलीज:रेफ्स/हेड्स/बॅकअप-रिलीज

आणि मग लोकल ब्रांचला हात न लावता सरळ:

गिट पुश --फोर्स-विथ-लीज=रिलीज:आत्ताचंटोक ओरिजिन चांगलाहॅश:रिलीज

नुसता फोर्स म्हणजे समोर काय आहे न बघता गाडी घालणं. लीज म्हणजे रिमोटवर मला वाटतंय तोच कमिट असेल तरच पुढे जा. आणि टोकाचा हॅश हाताने द्या, नुसतं --फोर्स-विथ-लीज मारू नका, कारण तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर तुमच्याकडचा ओरिजिन/रिलीज गुपचूप ताजा होतो, लीजला वाटतं सगळं ठीक, आणि पाच मिनिटांपूर्वी कोणीतरी केलेलं काम उडतं. यासाठी गिट २.३० पासून --फोर्स-इफ-इन्क्लूड्स पण आलंय, पण हॅश लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

ज्यांचं स्वतःचं काम खराब टोकाच्या वर झालंय त्यांनी रिसेट --हार्ड मारायचं नाही, नाहीतर रडारड. त्यांनी:

गिट रिबेस --ऑन्टो ओरिजिन/रिलीज वाईटहॅश माझीब्रांच

म्हणजे वाईटहॅशच्या नंतरचं फक्त माझं काम उचल आणि नव्या टोकावर ठेव. प्रत्येकाच्या फेचमध्ये ती रिलीजची ओळ सुरुवातीला अधिकचं चिन्ह आणि शेवटी 'फोर्स्ड अपडेट' अशी दिसते, ती दिसली की हात थांबवायचा, हे आमच्या टीमला आता पाठ झालंय.

आणि ब्रांच अशी मागे नेल्यावर दार उघडं ठेवू नका (रिव्हर्ट केला असेल तर पुढची तपासणी नको, कारण तिथे खराब कमिट इतिहासात राहतातच). वाईटहॅश पोटात असलेला कुठलाही मर्ज आत येऊ नये म्हणून बिल्डच्या तपासणीत ही एक ओळ टाकायची:

गिट मर्ज-बेस --इज-अँसेस्टर वाईटहॅश हेड

कमांड काही छापत नाही, तिचा एक्झिट कोड (संपताना परत दिलेला आकडा) बघायचा. शून्य आलं म्हणजे खराब कमिट आत आहे, बिल्ड पाडायचा. एक आलं तर पास. फक्त बिल्ड मशीन शॅलो क्लोन घेत असेल, म्हणजे एकच कमिट खोल, तर तिला इतिहासच दिसत नाही आणि उत्तर भलतंच येतं, तेव्हा तिथे पूर्ण क्लोन घ्या. स्वतःचा सर्व्हर असेल तर हीच ओळ, हेडच्या जागी येणाऱ्या नव्या कमिटचा हॅश घालून, प्री-रिसीव्ह हुकमध्ये (पुश स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) टाका, मग पुशच अडेल.

जुन्या मशीनवाल्यांसाठी एक इशारा. क्लायंटच्या सर्व्हरवर अजून सेंटओएस ७ (जुनं लिनक्स) सापडतं आणि त्यासोबत येणारं गिट १.८.३.१. त्यात फोर्स-विथ-लीज नाही, ते १.८.५ ला आलं. रिस्टोअर नाही, ते २.२३ ला आलं, त्याऐवजी गिट रीड-ट्री -यू --रिसेट चांगलाहॅश मारून कमिट करा, तेच काम होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिट २.० च्या आधी नुसता गिट पुश -एफ मारला तर फक्त चालू ब्रांच नाही, दोन्हीकडे नाव जुळणाऱ्या सगळ्या ब्रांचेस जायच्या. म्हणजे महिनाभर न हात लावलेली तुमची शिळी मेनही फोर्सने वर. ब्रांचचं नाव दिल्याशिवाय फोर्स मारायचाच नाही, नव्या गिटवरसुद्धा.

आणि उडालंच काही तर छातीत धडकी भरू देऊ नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोजेक्टमध्ये एका डेव्हलपरच्या हातून १८० च्या वर रिपॉझिटरींवर चुकून फोर्स पुश गेला होता आणि त्यातून ते सावरले. पाटी हलली म्हणून कमिट लगेच मरत नाहीत. ज्याने शेवटचं फेच केलं त्याच्या मशीनवर:

गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/रिलीज

पाटी आधी कुठे कुठे होती ते सगळं येतं. मात्र रिफ्लॉग ज्याच्या त्याच्या मशीनवरचा असतो, नव्या क्लोनमध्ये रिकामा. आणि ज्या कमिटांकडे त्या ब्रांचच्या आत्ताच्या टोकावरून रस्ता नाही त्यांच्या नोंदी डीफॉल्ट ३० दिवस टिकतात, बाकीच्या ९०, तेव्हा पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका.

तर सोमवारी दुपारी रिव्हर्ट गेला आणि मंगळवारी काही आलं नाही, बुधवारीही नाही. मी रोज सकाळी लॉग बघायचो, सवयीने. एकच धागा राहिला होता. आमचा एक सिनिअर त्या बुधवारी संध्याकाळी, खराब कमिट पुल करून, लॅपटॉप बंद करून रात्रीची कोकणकन्या पकडून गावाला गेलेला. त्याने ग्रुपवरचा कुठलाच मेसेज वाचला नव्हता, तिकडे वाडीत रेंज आली की फक्त आरतीचे फोटो टाकायचा. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी तो उकडीचे मोदक नाही पण काजू घेऊन आला, जागेवर बसला, लॅपटॉप उघडला, अर्ध्या तासाने तिथूनच ओरडला,

"अरे, माझा पुश का जात नाहीये? रिजेक्टेड म्हणतंय, नॉन-फास्ट-फॉरवर्ड. कोणी काय केलंय ब्रांचला?"

मी काजू खात म्हटलं, "पुल कर फक्त."